डोक्यावर चार बोटं जागा

शहापूरच्या एसटी स्टँडसमोर कुणालाही विचारा, प्रशांत फोटोग्राफर कुठे राहतो, तर सापगावातल्या आमच्या दारापर्यंतचा रस्ता हातवारे करून सांगतील. मग विचारा, पौर्णिमा फोटो स्टुडिओ कुठे आहे. "ते होय? झेरॉक्सच्या बाजूला, पासपोर्ट फोटो मिळतात ते." प्रशांत माझा नवरा. भातसा धरणावर नोकरीला आहे, पगार तिथला घेतो आणि सुट्टीच्या दिवशी पाखरांचे फोटो काढतो. स्टुडिओ माझा आहे. एकोणीस वर्षं रोज सकाळी साडेनऊला त्याचं शटर मी वर करते. आता यातला फोटोग्राफर कोण, ते तुम्हीच सांगा.

मागच्या वर्षी मुरबाडच्या एका स्पर्धेत त्याच्या खंड्याला पहिलं बक्षीस मिळालं. खंड्या चोचीत मासा धरून बसलाय, पाण्याचे थेंब उडालेत. फोटो चांगला होता, मी नाही कुठे म्हणते? त्याची फ्रेम मीच केली होती. स्टेजवर त्याला शाल मिळाली. मग सूत्रसंचालन करणारी बाई म्हणाली, पतीचा छंद जोपासायला साथ देणाऱ्या पौर्णिमाताईंनी पण पुढे यावं. मला गुलाबाचं एक फूल मिळालं. ते मी घरी येईपर्यंत मुठीत इतकं आवळलं की त्याचा चोथा झाला. जळत होते मी, दुसरं काय!

मला हे काम वडिलांनी शिकवलं. मुरबाडला त्यांचा स्टुडिओ होता. माणसं म्हातारी झाली की नवं लुगडं, धुतलेला सदरा घालून तिथे यायची आणि म्हणायची, भिंतीवरचा काढा. भिंतीवरचा म्हणजे मेल्यानंतर लावायचा. वडील सांगायचे, अशा फोटोत डोक्यावर चार बोटं जागा सोडायची. पुढे हार येतो, तो कपाळावर येता कामा नये. खांदे सरळ, हनुवटी किंचित खाली, नजर थेट समोर. घरातला माणूस भिंतीखाली कुठेही बसला तरी फोटोतल्याने त्याच्याकडे बघितलं पाहिजे. आजही तालुक्यातल्या किती घरांत मी काढलेली माणसं भिंतीवरून बघताहेत, त्याची मोजदाद नाही. त्यांना कुणी शाल देत नाही.

आमच्या घरातला तसा एकच फोटो माझा फसलाय. सासरे गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता. एका लग्नातल्या घोळक्यातून मी त्यांचा चेहरा कापून काढला आणि कॉम्प्युटरवर त्याला काळा कोट चढवला. तेव्हा सगळेच तसं करायचे. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंच्या जरा खाली तो लावलाय. माझ्या सासूबाई कमळाबाई, मी त्यांना आईच म्हणते, रोज सकाळी तो पुसतात आणि रोज म्हणतात, "तोंड यांचं हाय, कोट कुनाचा कुनास ठाव." सासऱ्यांनी जन्मात कोट घातला नव्हता. अकरा वर्षं मी हे रोज ऐकते आहे.

त्यामुळे या माघात एके दिवशी जेवताना आई म्हणाल्या, "मी हाय तवर माजा फोटो काढून ठेवा. मला दुसऱ्याचा कोट नको," तेव्हा माझा हात ताटातच थांबला. मनात मी मागचा पडदासुद्धा ठरवून टाकला, फिका निळा. पांढऱ्या साडीवर तो खुलतो. एकदा हा फोटो चांगला काढला की त्या कोटाची चूक फिटली, असं मला वाटलं. मी म्हणणारच होते की उद्याच या दुकानात.

"प्रशांत काढंल," आई म्हणाल्या.

"आई, भिंतीवरचा फोटो माजं काम हाय," मी म्हटलं.

"तुजं रोजचंच गो. आधारकार्डवाले, शाळेची पोरं, त्यात मी एक. तो हौसेनं काढतो. जीव लावून काढतो."

प्रशांत लाजल्यासारखा हसला आणि भाताची मूद फोडायला लागला. मी उठून चुलीवरचा तवा उतरवला. तव्यावर काही नव्हतं.

रविवारी सकाळी अंगणात फोटोचा घाट घातला गेला. आई फणसाखाली पाटावर बसल्या होत्या. मी दारात सुपात वाल पाखडत उभी होते. तिथून मला सगळं दिसत होतं आणि एकही गोष्ट पटत नव्हती. प्रशांतने ऊन आईंच्या पाठीमागे घेतलं होतं. आईंना सांगत होता, "माझ्याकडे बघू नको, तू आपली नेहमीसारखी बस." अहो, नेहमीसारखं बसायला माणूस फोटो कशाला काढेल? तो कधी गुडघ्यावर, कधी झाडाआड, आणि शेवटी शेणाने सारवलेल्या अंगणात चक्क पालथा पडला. ड्युटीची नवी पँट घालून.

मला राहवलं नाही. मी सूप घेऊन त्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "अहो, आईचा फोटो काढताय का सापाचा? उठा! ती पँट मला धुवायची हाय!"

कुणीतरी खिदळल्याचा आवाज झाला. मी रागाने तशीच घरात निघून गेले.

दुपारी त्याने मला कॅमेऱ्यातलं कार्ड आणून दिलं. अठ्ठावन्न फोटो होते. "सगळे प्रिंट काढ, आईला आवडेल तो मोठा करू," म्हणाला. सोमवारी तो मुरबाडला जायचा होता. तिथल्या कॉलेजात त्याला भाषणाला बोलावलं होतं. विषय होता, 'छायाचित्रण: एक आनंद'. आनंद! माझ्याकडे एकदा लग्नसराईत ये म्हणावं, हळदीपासून पाठवणीपर्यंत उभं राहून दाखव, मग आनंदावर बोल.

सोमवारी दुकानात गिऱ्हाईक कमी होतं. मी कार्ड लावलं आणि एकेक फोटो बघायला लागले. आईंच्या भेगाळलेल्या टाचा. आईंचे हात. अर्धा चेहरा, उरलेला अर्धा काळोखात. मानेची सुरकुती आणि मागे फणसाचं खोड. मला बरं वाटायला लागलं, खरं सांगते. यातला एकही भिंतीवर लागणार नव्हता. मी चहा मागवला.

एकेचाळिसावा फोटो उघडला आणि चहा तसाच राहिला.

आई हसत होत्या. तोंडभर, पडलेल्या दोन दातांसकट. हात तोंडाकडे निघालेला, पण अजून पोचला नव्हता. पदर खांद्यावरून घसरलेला. ऊन फणसाच्या पानांतून गालावर पडलं होतं. चेहऱ्यावर कुठे काळोख नाही, डोळे स्वच्छ. शाळेच्या ग्रुप फोटोपासून लग्नांपर्यंत मी हजारो माणसांना हसा म्हटलंय, आणि एकही असं हसलं नाही. आमच्या घरात एकोणीस वर्षं राहून मी आईंचं असं हसणं कधी पकडलं नव्हतं. याने पालथं पडून पकडलं. ज्याला हनुवटी कुठे ठेवायची तेही कळत नाही, त्याने!

मी चहाचा कप बाजूला सरकवला.

तेवढ्यात एक मुलगी पासपोर्ट फोटो काढायला आली. मी तिला स्टुलावर बसवलं. ती हसरी होती. "हसू नको," मी म्हटलं, "चालत नाय." ती गेल्यावर मी परत कॉम्प्युटरसमोर बसले आणि एकेचाळिसावा फोटो कार्डावरून उचलून 'पासपोर्ट, जानेवारी' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला. शेकडो चेहऱ्यांत एक. कार्डावर सत्तावन्न उरले. हे मी अगदी शांतपणे केलं, हेही सांगून ठेवते.

साडेबाराला मुरबाडहून प्रशांतचा फोन आला. मागे माइक तपासल्याचा आवाज येत होता.

"पौर्णिमा, त्यात आईचा हसतानाचा एक हाय बघ. उन्हात स्क्रीनवर नीट दिसला नाय. आला का चांगला?"

"हललाय," मी म्हटलं.

"पूर्ण?"

"पूर्ण हललाय. डोळेसुद्धा पुसट आलेत. काय उपयोग नाय."

तो म्हणाला, "तू म्हनतेस म्हंजे हललाच असनार. तुजी नजर पक्की हाय. राहू दे." आणि भाषणाला गेला.

त्याने वाद घातला असता तर बरं झालं असतं. फोटो दाखव म्हणाला असता तरी चाललं असतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्याने माझ्या कामाला मान दिला, आणि तो मी हा असा कमावला.

संध्याकाळी सत्तावन्न प्रिंट आईंच्या मांडीवर ठेवले. त्यांनी चष्मा लावून एकेक बघितला.

"माजं अर्धं तोंड कुटं गेलं?"

"ती कला हाय आई."

"आणि या टाचा? या भिंतीवर लावनार? त्यांना हार घालाल?" त्यांनी गठ्ठा खाली ठेवला. प्रशांत भाषणाहून आला होता, बिचारा दारातच उभा होता. आई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या तुज्या दुकानात येते."

मी जिंकले होते. रात्री भाकरी थापताना मी गुणगुणतसुद्धा होते.

मंगळवारी आई रिक्षाने आल्या. पांढरी साडी, डोक्याला तेल, चापून विंचरलेले केस. मी त्यांना स्टुलावर बसवलं. दोन दिवे लावले, फिका निळा पडदा सोडला. हनुवटी खाली. डावा खांदा जरा पुढे. डोक्यावर चार बोटं. "इकडं बघा." खटक्. एका फोटोत काम झालं. वडिलांनी बघितला असता तर पाठ थोपटली असती, इतका तो बिनचूक होता.

मी त्यांना शेजारी बसवून स्क्रीनवर दाखवला. आईंनी चष्मा पुसून बघितला.

"चांगला हाय. मेल्यावर असाच लागतो."

"आवडला ना?"

"आवडायचं काय त्यात? मी मेलेलीच दिसते. बरोबर हाय." त्या रागावलेल्या नव्हत्या. डॉक्टरने लिहून दिलेली गोळी घ्यावी तसं त्या बोलत होत्या. मग त्यांना काहीतरी आठवलं. "पन गो, त्या दिवशी तू सूप घेऊन आलीस, सापाचा फोटो म्हनालीस, तवा मी केवढी हसले! तो नाय का काढला त्यानी? मला वाटलं खटका वाजला."

हललाय. एवढा एक शब्द म्हणायचा होता. नवऱ्याला सांगताना तो सहज निघाला होता. मी तोंड उघडलं.

"तुज्याकडं बघून हसले मी," आई म्हणाल्या. "तो पालथा पडलेला, आणि तू मागं सूप घेऊन, तोंड असं फुगवलेलं. नवरा नाय, चोर सापडल्यासारखी."

मी 'पासपोर्ट, जानेवारी' उघडलं. शेकडो गंभीर चेहऱ्यांच्या खाली तो फोटो होता. मोठा करून लावला आणि पहिल्यांदा नीट बघितला. काल मला त्यात फक्त प्रशांत दिसला होता, त्याचं नशीब, त्याचं ऊन, त्याचं बक्षीस. एकोणीस वर्षं दुसऱ्यांची नजर सरळ करणाऱ्या मला हे दिसलं नव्हतं की आई कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत. त्यांची नजर कॅमेऱ्याच्या वरून जात होती, जिथे मी उभी होते तिथे.

आई खूप वेळ बघत राहिल्या. त्यांनी स्क्रीनवरच्या आपल्या गालाला बोट लावलं.

"हाच."

"आई, याच्यात वर जागा नाय," मी म्हटलं. खरंच नव्हती, केस वरच्या कडेला टेकले होते. "हार घातला तर कपाळ झाकंल."

"मग हार नको घालू. घालनारी तूच हायस ना?"

मला रडू आलं आणि मी तिथेच, आईंसमोर रडले. त्यांना वाटलं त्यांच्या मरणाच्या बोलण्याने रडते आहे. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, त्याने मला आणखी लाज वाटली.

मी तो फोटो मोठा केला, साधी लाकडी फ्रेम लावली आणि संध्याकाळी घरी नेला. आईंनी तो सासऱ्यांच्या कोटाशेजारी टेकवून ठेवला आणि शेजारच्या देवकीला हाक मारली. "बघ गो, सुनेनं करून आणला."

"नाय," मी म्हटलं. "यांनी काढलाय."

प्रशांत ड्युटीवरून येऊन पायरीवर बूट काढत होता. तो एका पायात बूट तसाच ठेवून आत आला. फोटोसमोर उभा राहिला. मी त्याचा चेहरा बघत होते. बक्षीस घेतानासुद्धा तो इतका उजळला नव्हता, आणि तशातही मला वाटून गेलं, हा मी काढला असता तर! हे वाटणं काही जात नाही. देवकी गेली, आई आत दिवा लावायला गेल्या.

"तू तर म्हनालीस हललाय," तो म्हणाला.

"हलला नव्हता."

तो माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, त्याला खरंच काही कळलं नव्हतं.

"मग का म्हनालीस गो?"

"चांगला आला व्हता म्हनून," मी म्हटलं.