चढावरचा हुंदका

चढाच्या कडेला माणसं खुर्च्या टाकून बसली होती. मागच्या खेपेला उभं राहून पाय दुखले होते, म्हणून खुर्च्या घरूनच आणलेल्या. निळी गाडी मेलेल्या माणसाची, चालवणारी त्याची बायको. अर्ध्या चढावर गाडीने हुंदका दिला, क्षणभर अडखळली आणि झेप घेऊन सुटली. बाई शपथेवर सांगत होती, तिचा ॲक्सिलरेटरवरचा पाय जागचा हललाही नव्हता.

"मग दाबलं कोणी?" ज्यांच्या शब्दावर ही गर्दी जमायची त्या बुवांनी विचारलं. "यजमानांनी. आत्मा सूक्ष्म असतो, त्याला पेट्रोलगाडीचा कार्बोरेटर मानवतो. डिझेलमध्ये गुदमरतो बिचारा."

डिझेलवाले दोघेतिघे ओशाळले. मागे एकदा यजमानांनी झेप जरा जास्तच घेतली होती, तेव्हा बुवा खुर्चीसकट गटारात गेले होते. त्यांनी तिला गळाभेट म्हटलं होतं.

गर्दीत बाईचा दीर उभा होता, धंद्याने मेकॅनिक. एरवी पोट धरून हसला असता. पण भावाला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि वहिनी हल्ली गाडीतच जेवायची, शेजारच्या सीटवर दुसरं ताट ठेवून. तेही त्याने चालवून घेतलं असतं. आता मात्र बुवांचा नवा हुकूम निघाला होता: उद्या तिच्या लहान पोरीला मागे बसवायचं आणि झेप आली की स्टिअरिंग सोडायचं. बाप धरेल.

सकाळी दिराने पोरीला आपल्या घरी ठेवून घेतलं, आधी एक फेरी मी बसतो म्हणाला, आणि कार्बोरेटरच्या कडेच्या डबीतली एक स्प्रिंग गुपचूप बदलली. गाडी चढ लोण्यासारखी चढली. खाली बुवा विचारत होते, ऐकलात ना हुंदका? सगळ्यांनी ऐकला होता. एकजण तर रडलाही.

वहिनी उतरली ती पांढरीफटक. "भावजी, आज ते आलेच नाहीत."

दिराने काढलेली स्प्रिंग तिच्या तळहातावर ठेवली. "या कार्बोरेटरला हवा ओढायला चार घसे आहेत, वहिनी. दोन तुमच्या पायाने उघडतात. मागचे दोन पायाच्या हुकमात नाहीत. इंजिनाने हवा जोरात ओढली की डबीतला पडदा खेचला जातो आणि त्यांची दारं उघडतो. ही स्प्रिंग त्याला रोखून धरते. नरम असली की दारं लवकर उघडतात, हवा आधी घुसते, पेट्रोल मागून येतं. तो हुंदका. मग झेप. कडक घातली की वेळेवर उघडतात, कळतही नाही."

त्याने सगळ्यांदेखत नरम स्प्रिंग परत बसवली. पुढच्या फेरीला हुंदका हजर.

आत्मा स्प्रिंगमध्ये राहायला गेला असेल, असं बुवांनी सुचवून पाहिलं.

"मग माझ्याकडे डबाभर आत्मे आहेत," दीर म्हणाला. "नरम-कडक ओळखायला रंग दिलेले. पांढरे, पिवळे, जांभळे. कुठला देऊ?"

लोक हसले आणि खुर्च्या उचलू लागले. वहिनी हसली नाही. तिने एवढंच विचारलं, ही नरम घातली कोणी?

"दादानेच. त्याला झेप आवडायची."

"म्हणजे हात त्यांचाच."

"हात त्याचाच होता, वहिनी." दीर म्हणाला. "होता."

ती बॉनेटला टेकली. मग म्हणाली, कडक घाला. आणि भर रस्त्यात, माणूस गेल्यानंतर पहिल्यांदाच, मोकळी होऊन रडली.

गेलेल्यासाठी रडावं, मन भरेस्तोवर रडावं. कोणी चमत्कार दाखवला तर बॉनेट उघडून बघावं. आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं, कारण आपल्या गाडीत जिवंत माणसं बसलेली असतात.