डाव्या चाकाचा आवाज

शर्यतीच्या मार्गावरच्या वळणाजवळ बांधलेल्या रिबिनीपाशी अनिल उकिडवा बसला आणि त्याने डोळे मिटले. लाल धुरळा उडवत निळी गाडी उजवीकडे वळली. क्षणभर तिचा सगळा भार डाव्या अंगावर आला आणि तेवढ्यापुरता इंजिनाच्या आवाजाखालून एक घोगरा आवाज निघून विरला.

"ऐकलंस?" त्याने विचारलं.

शेजारी हेल्मेट काखेत धरून दीप्ती उभी होती. "काहीतरी घासल्यासारखं झालं."

"पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग जातंय."

"आपल्याला काय करायचंय, अनिलदादा? गाडी आपली नाही."

गाडी त्यांची नव्हती हे खरं, पण ती चालवत होता स्वरूप, अनिलचा धाकटा भाऊ. महिन्यापूर्वीपर्यंत तो अनिलच्या गॅरेजची पांढरी गाडी पळवायचा. घरोघरी दिसणारी साधीच गाडी. अनिलने वर्षभर खपून ती शर्यतीसाठी बांधली होती, सीटसुद्धा स्वरूपच्या पाठीच्या मापाने घडवली होती. मोसमात पाच फेऱ्या असतात. तीन झाल्यावर स्वरूप सगळ्यांच्या पुढे होता. तेव्हाच कोल्हापूरच्या सरनोबतांनी त्याला आपल्या संघात बोलावलं. त्यांच्याकडे नवी गाडी होती, चार मेकॅनिक होते, पुढच्या वर्षी मोठ्या शर्यतींना पाठवायचा शब्द होता. स्वरूपने गॅरेजच्या दारात उभं राहून हे सांगितलं तेव्हा अनिल पान्हे पुसत होता. तो म्हणाला, "जा. इथे राहून काय होणार आहे." एवढंच. त्या दिवशी तो जेवला नाही हे स्वरूपला कळलं नाही.

मोसमाच्या मध्यात दुसरा ड्रायव्हर मिळणं कठीण. चिपळूणची दीप्ती तीन वर्षं बायकांच्या गटात पळत होती. तालुक्याच्या कचेरीत कारकून होती, शनिवार-रविवार सरावाला यायची. अनिलने तिला विचारलं, सीट कापून तिच्या मापाची केली, आणि आज रत्नागिरीबाहेरच्या उघड्या कातळसड्यावरच्या चौथ्या फेरीत सकाळच्या दोन्ही धावांत ती दुसरी आली होती. पहिला स्वरूप. दुपारी चौघांची अंतिम धाव होती आणि तिच्याआधी एकेकाची सरावाची चक्कर चालू होती.

अनिल उठला आणि सरनोबतांच्या तंबूकडे चालू लागला.

मिरकरवाड्याच्या बंदरात लाँचची इंजिनं दुरुस्त करता करता त्याचा कान तयार झाला होता. इंजिन न उघडता तो दोष सांगायचा आणि खलाशी त्यावर विसंबून समुद्रात जायचे. स्वरूपने तर लहानपणापासून त्याच्या कानावर भरवसा ठेवलेला.

स्वरूप गाडीत पट्टे आवळून बसला होता. अनिल खिडकीशी वाकला.

"पुढचं डावं बेअरिंग जातंय. चाक निघून येईल. पळवू नको."

महिन्याभरात दोघं पहिल्यांदाच बोलत होते. स्वरूपने त्याच्याकडे एकदा पाहिलं. काही विचारलं नाही. पट्टे सोडले, हेल्मेट काढलं आणि तो गाडीतून उतरला. सरनोबतांची माणसं धावत आली. त्यांनी जॅक लावून चाक हलवून पाहिलं, फिरवून पाहिलं. जॅकवर, भार नसताना, चाक ठीक होतं. स्वरूप मात्र पुन्हा बसला नाही. वेळ संपली. तो चौथा धरला गेला आणि दीप्ती पहिली आली.

कप घेताना ती हसत होती. अनिलने टाळ्या वाजवल्या, पण त्याची नजर तंबूकडे होती. तिथे सरनोबत स्वरूपशी मोठ्याने बोलत होते आणि स्वरूप खाली मान घालून ऐकत होता.

चौथ्या दिवशी सकाळी सरनोबत गॅरेजवर आले. सोबत स्वरूप होता. तो आत आला नाही, दारातच थांबला. याच गॅरेजमध्ये कित्येक दुपारी तो जुन्या सीटवर झोपलेला असायचा.

"मी भांडायला आलो नाही, अनिलराव," सरनोबत स्टुलावर बसत म्हणाले. "माझ्या माणसांनी चाक पार उघडून बघितलं. काही नव्हतं. आता सगळीकडे बोललं जातंय की भावाभावांनी ठरवून केलं. तुमची गाडी पुढं काढली. हा म्हणतो, मला काहीच माहीत नाही. असंल. पण मेकॅनिकलासुद्धा न विचारता गाडीतनं उतरतो म्हणजे काय?"

अनिलने हातातला पान्हा बाकावर ठेवला.

"दोघांचं संगनमत असंल तर शेवटच्या फेरीला मी दुसरा ड्रायव्हर बसवणार. माणूस बघून ठेवलाय. आणि ह्याला मग कुठलाच संघ घेणार नाही. तुम्ही एकट्यानं केलं असंल तर गोष्ट वेगळी. तिसरं मला तरी काही दिसत नाही."

"दादा," दारातून स्वरूप म्हणाला, "आवाज होता ना?"

अनिलने वर पाहिलं. स्वरूपचे डोळे जागरणाने सुजलेले होते. त्या दिवशी गाडीत त्याने हे विचारलं नव्हतं. आज विचारत होता.

अनिलने फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसत राहिला. मग त्याने सरनोबतांना विचारलं, "उघडलंत ते बेअरिंग परत तेच बसवलंत?"

"नाही. उघडलंच होतं, म्हटलं नवीन घालून टाका. दोन्ही बाजूची बदलली."

"नक्की? तुम्ही बघितलंत?"

"माझ्यासमोर बदलली. का?"

"जुनं कुठेय?"

"भंगारात गेलं. का विचारताय?"

"काही नाही." अनिलने फडकं खुंटीला लावलं. "आवाज नव्हता. मी खोटं सांगितलं. माझी गाडी पहिली यावी म्हणून. त्याला यातलं काही माहीत नव्हतं."

बाहेर रस्त्यावरून चिरे भरलेला ट्रक गेला. 

"मी तुला विचारलंसुद्धा नाही, दादा," स्वरूप हळू म्हणाला. "तू सांगितलंस आणि मी उतरलो."

अनिलला त्याच्याकडे पाहायचं होतं, पण पाहिलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं. तो बाकावरची हत्यारं सरळ मांडत राहिला. स्वरूपची पावलं वाजली. मग गाडीचं दार लागलं.

सरनोबतांनी ते लिहून मागितलं, कारण आयोजकांना दाखवावं लागणार होतं. अनिलने बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर चार ओळी लिहिल्या आणि सही केली. कागद घडी करताना सरनोबत थोडे घुटमळले. "रक्ताच्या भावाशी असं वागायचं नसतं," ते म्हणाले आणि गेले.

आठवड्याने आयोजकांचं पत्र आलं. अनिलच्या संघाचे चौथ्या फेरीचे गुण रद्द झाले होते आणि शेवटच्या फेरीत त्याच्या गाडीला बंदी होती.

त्याच दुपारी दीप्ती चिपळूणहून एसटीने आली. तिने पिशवीतून कप काढला आणि बाकावर ठेवला.

"हा परत मागितलाय. तुम्हीच पाठवा."

"बस. पाणी देतो."

"नको." ती उभीच राहिली. "मी तुमच्या शेजारी होते, अनिलदादा. आवाज मीपण ऐकला होता."

"माहीत आहे मला."

"मग मला एकदा विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते." तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली.  "तीन वर्षं मी बायकांच्या गटात पळाले. खुल्या गटातला हा पहिला कप होता. कचेरीत सगळ्यांना पेढे दिले मी. आज साहेब विचारत होते, तुमच्या मालकाने चोरी केली का म्हणून."

 स्वतःचं नाव लिहून देताना आपण आणखी कुणाचं तरी देऊन टाकतोय, हे अनिलच्या मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि तरी त्याने सही केली होती.

"मी आयोजकांना खरं काय ते सांगू शकते," दीप्ती म्हणाली.

"सांगू शकतेस. मी अडवणार नाही."

"मग स्वरूपचं काय होईल?"

अनिल फडक्याने बाक पुसू लागला.

तिने कपावरून एकदा हात फिरवला. मग गाडीचं दार उघडून तिने आपले हातमोजे आणि पाठीमागची छोटी उशी काढून घेतली. "पुढच्या मोसमाला मला फोन करू नका," ती म्हणाली. पावणेपाचची एसटी गाठायला ती उन्हातून निघाली. तिला स्टँडवर सोडावं म्हणून अनिलने स्कूटरची किल्ली हातात घेतली होती. ती तशीच हातात राहिली.

मार्च लागला. शेवटची फेरी कोल्हापूरला झाली. त्या रविवारी अनिलने मिरकरवाड्यात एका लाँचचं काम घेतलं आणि दिवसभर इंजिनाच्या खोलीत वाकून काढला. संध्याकाळी धक्क्यावर चढला तेव्हा खिशातला फोन वाजत होता. पालीपलीकडच्या त्यांच्या गावातून आई बोलत होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"अरे, स्वरूप पहिला आला. शेजारच्या भिकाजीने मोबाइलात दाखवलान मला. केवढा कप होता."

"हो काय? बरं झालं."

"गाडी नीट होती ना रे त्याची? मला मेलं बघतानाच भ्या वाटत होतं."

"नीट होती, आई. काही झालं नसतं."

"मला सकाळधरनं फोन नाही त्याचा. तुला केलान काय?"

समोर मासळीचा लिलाव सुरू झाला होता. बायका टोपल्या पुढे सारत होत्या. अनिल त्या गलबल्यापासून थोडा लांब गेला. गॅरेजच्या दारातून गेल्यापासून स्वरूपचा त्याला एकही फोन नव्हता.

"केलान," तो म्हणाला.

"काय सांगितलंन?"

"शिमग्याला येतो म्हणाला."

"मग मी घावन्यांचे तांदूळ धुवून वाळत घालत्ये," आई म्हणाली. "दोघं एकत्रच या. देवाची पालखी दारात येईल तेव्हा दोघं खांद्याला हवेत."

अनिलने हो म्हटलं. आई अजून बोलत होती.