अकराव्या पानावरची खूण

जावयांच्या कमिशनचा हिशेब मी हातात घ्यायला नको होता. आकड्यांशी माझा संबंध आयुष्यभर पानांच्या क्रमांकांपुरताच आला. छापखान्यात एकतीस वर्षं मी मुद्रितं तपासली. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि चूक दिसली की समासात खूण करायची. पण जावई म्हणाले, "बाबा, घरात बारीक अक्षर वाचणारे तुम्ही एकटेच," आणि कंपनीच्या कराराची चौदा पानं त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. माझ्यावर इतका विश्वास क्वचितच कुणी टाकला असेल. नाही म्हणवेना.

जावई दारोदार फिरून छतावर बसवायचे सौर पॅनेल विकत. त्यांचे बूट दर चार महिन्यांनी टाचेकडून झिजायचे, आणि नेहमी डावाच आधी. "सूर्य फुकट आहे बाबा," ते म्हणायचे, "गिऱ्हाइकाला पटवायलाच काय तो घाम गाळावा लागतो."

त्या महिन्यात घरात दुसरा विषय नव्हता. घरमालकाला घर परत हवं होतं आणि तिमाही संपल्यावर चार दिवसांत आम्हाला बाहेर पडायचं होतं. मुलीने दोन गल्ल्या पलीकडे एक घर हेरून ठेवलं होतं. दोन खोल्या आणि मागे काचा लावून बंद केलेला व्हरांडा. "तिथे बाबांची खाट आणि पुस्तकं," असं तिने जाहीरच करून टाकलं होतं. अनामत पस्तीस हजार. ती जमली नाही तर दोघं जावयांच्या थोरल्या भावाकडे जाणार होते, दुसऱ्या गावी, एका खोलीत. त्या एका खोलीत माझं काय, हे कोणी बोलत नव्हतं. मीही विचारलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही बसलो. मुलगी भाजी निवडत होती आणि कान आमच्याकडे होते.

"लिहा," जावई म्हणाले. "एक किलोवॅट विकला की हजार. अर्धे गिऱ्हाइकाने सही केली की, अर्धे मीटर फिरायला लागला की. मधेच गिऱ्हाईक फिरलं, तर दिलेलं कापून घेतात."

"म्हणजे एक तर मीटर फिरतो, नाहीतर गिऱ्हाईक," मुलगी म्हणाली.

"तू भाजी निवड. तर बाबा, तीन महिन्यांत चाळीस किलोवॅट झाले की टप्पा गाठला. मग दर हजाराचा दीड हजार. तोसुद्धा पहिल्या किलोवॅटपासून!"

त्यांचे छत्तीस झाले होते आणि त्या सगळ्या घरांचे मीटर महिनाअखेरीच्या आत फिरणार होते. पहिले अर्धे अठरा हजार आम्ही केव्हाच खाल्ले होते. छत्तिसावरच थांबलं तर आणखी अठरा हजार येणार. पण अजून चार विकले तर त्याच छत्तिसांचे चोपन्न हजार होत होते. त्यातून घेतलेले अठरा वजा केले की छत्तीस हजार हातात. नव्या चारांचे पैसे मागाहून येणार, ते मी धरले नाहीत. मी तीनदा मांडून पाहिलं. तिन्ही वेळा तेच आलं.

"अनामत जाऊन हजार उरतात," मी म्हणालो.

"टेम्पोचं भाडं!" मुलगी म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना पाहिलं.

दुपारी ती दोघं बाहेर गेल्यावर मी करार पुन्हा वाचला. सवयच ती. अकराव्या पानावर, तळाशी, इतर मजकुराहून लहान टायपात एक वाक्य होतं. टप्पा मोजताना ज्या घरांचा मीटर तिमाहीत फिरू लागला तेवढीच धरली जातील. मी ते दोनदा वाचलं आणि समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं.

आमच्या धंद्यात तेवढंच करायचं असतं. अक्षराची चूक असेल तर दुरुस्त करावी, मजकुराबद्दल शंका असेल तर समासात प्रश्नचिन्ह टाकून पान परत पाठवावं. ठरवणारा लेखक. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी एका लेखकाचं वाक्य परस्पर सुधारलं होतं. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "तुम्हाला अक्षरं बघायला ठेवलंय, अक्कल दाखवायला नाही." त्यानंतर मी कधी मर्यादा ओलांडली नाही.

संध्याकाळी मी विषय काढला, नाही असं नाही. "जावईबापू, ते अकरावं पान पाहिलंत का?"

ते बुटाला पॉलिश करत होते. "बाबा, अकरावं पान कोणी वाचत नसतं. ते वकिलाला पानामागे पैसे मिळतात म्हणून असतं. चार वर्षं या धंद्यात आहे मी. सही म्हणजे विक्री."

चार वर्षांत ते टप्प्याच्या जवळपासही फिरकले नव्हते, हे मला माहीत होतं. म्हणजे त्या वाक्याशी त्यांची गाठ पडलीच नसणार. तरी मला वाटलं, त्यांचाच धंदा, त्यांनाच जास्त कळणार. पान चाळून बघतील आणि खूण दिसेल. मी चष्मा पुसत बसलो.

राहिलेले चार किलोवॅट समोरच्या नर्सबाईंकडून येणार होते. त्यांना निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. घर स्वतःचं, वर सपाट गच्ची, आणि अंगणात अंजिराचं झाड. त्या झाडाखाली खुर्ची टाकून त्या माझ्याकडून नेलेली पुस्तकं वाचायच्या आणि दर शनिवारी परत आणून द्यायच्या. मला त्या 'पुस्तकवाले' म्हणत. एखादं पुस्तक आवडलं नाही तर म्हणत, "हे औषध लागू पडलं नाही, पुस्तकवाले. डोस बदला."

जावयांनी मला बरोबर नेलं. मी काही बोलावं अशी अपेक्षा नव्हती, नुसतं बसायचं होतं. मी बसलो.

"मावशी, बिल निम्म्याहून कमी होईल," जावई म्हणाले.

"आणि माझं वय?" नर्सबाई म्हणाल्या. पण त्यांनी सही केली. सही करताना त्यांनी जावयांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

आठवड्याने कंपनीचा मोजणीवाला आला. गच्चीवर एक यंत्र फिरवून खाली उतरला आणि म्हणाला, "दोन वाजल्यापासून झाडाची सावली येते. चार बसणार नाहीत. दोनच."

दोन म्हणजे अडतीस. जावयांचा चेहरा पडला. मोजणीवाल्याने खांदे उडवले. "झाड काढलं तर चार."



"हे झाड आमच्या ह्यांनी लावलेलं," नर्सबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पुस्तकवाले, तुम्ही करार वाचलाय म्हणे. तुम्ही सांगा. एवढं करण्यासारखं आहे का?"

मला अकरावं पान आठवत होतं. ओळसुद्धा आठवत होती, तळापासून तिसरी. तिमाही संपायला अठरा दिवस होते. झाड काढायचं, पॅनेल चढवायचे, मग वीज कार्यालयाचा माणूस तपासायला येणार, त्यानंतरच मीटर फिरणार. जावई माझ्याकडे बघत होते. मी त्यांना काय म्हणणार होतो? सगळ्यांसमोर?

"बिलाचा हिशेब जमतो," मी म्हणालो. तो जमतच होता. त्यात खोटं काही नव्हतं.

"मग काढा," नर्सबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

झाड दीड दिवसात गेलं. फांद्या गाडीत भरताना कच्ची अंजिरं रस्त्यावर सांडली आणि दिवसभर चाकांखाली फुटत राहिली. सात दिवस उरले असताना पॅनेल चढले. गच्चीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत लख्ख ऊन. जावई वीज कार्यालयातून परत आले तेव्हा त्यांच्या हातात पावती होती. तपासणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची.

"काही बिघडत नाही," ते म्हणाले. "सही आहे ना."

शेवटच्या दिवशी त्यांनी कंपनीला फोन लावला. आम्ही ऐकावं म्हणून आवाज मोठा केला होता. पलीकडच्या साहेबांचा सूर गोड होता.

"छत्तीस धरलेत तुमचे. अठरा हजार जमा होतील."

"साहेब, चाळीस. सही झालीय, पॅनेलसुद्धा चढलेत."

"मीटर फिरलाय का?"

"तो आता..."

"मग पुढच्या तिमाहीत धरू. तुमच्या करारात लिहिलंय की सगळं. अकरावं पान. वाचत जा ना राव!"

फोन बंद झाला. जावई उठले, फळीवरून करार काढला आणि उभ्यानेच पानं उलटली. अकराव्या पानावर त्यांचा अंगठा थांबला. बराच वेळ ते समासाकडे बघत होते.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"कधी?"

"त्याच रविवारी."

मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "बाबा, मी काय तुमचा लेखक आहे का, समासात बघायला? तोंडाने सांगायचं ना."

"मी विचारलं होतं..."

"विचारलंत. सांगितलं नाहीत."

 मुलीने माळ्यावरून खोकी काढायला घेतली.

चार दिवसांनी टेम्पो आला. थोरल्या भावाच्या खोलीत दोन माणसांपुरतीच जागा होती. तिसऱ्याची सोय मुलीनेच केली. छापखान्याच्या जुन्या मालकांना फोन करून त्यांच्या कागदाच्या गोदामावरची खोली मिळवली. "तात्पुरती, बाबा," ती म्हणाली. तिला पुढे बोलावं लागू नये म्हणून मी लगेच हो म्हणालो. जावयांनी माझी पुस्तकं दोरीने बांधून दिली. गाठी पक्क्या मारल्या. वाकून नमस्कार केला आणि टेम्पोत पुढे जाऊन बसले. त्यांनी ते काम सोडल्याचं मला नंतर पत्रातून कळलं.

घरमालकाकडे राहिलेलं सामान न्यायला मी दोन आठवड्यांनी त्या गल्लीत गेलो. नर्सबाई फाटकात उभ्या होत्या.

"पुस्तकवाले, या. आज सकाळीच फिरायला लागला."

भिंतीवरच्या मीटरमध्ये आकडे सरकत होते. मी वाकून ते पाहिले. बरोबर होते, म्हणजे मला तसं वाटलं.

"जावईबापूंना कळवा हं. पैसे मिळतील त्यांना."

"कळवतो," मी म्हणालो.

त्यांनी आतून पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. अर्ध्यावर खुणेची पट्टी तशीच होती.

"संपलं नाही?"

"अंगणात बसवत नाही आता. ऊन फार." त्यांनी तोडलेल्या खोडाकडे पाहिलं नाही. "राहू दे. दुसरंही आणू नका."