कायद्यात नसलेला लेथ

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. वर्कशॉपच्या दारापासून मोजत आलात तर बारावा, खिडकीपासून मोजलेत तर पहिला. मी स्वतः खिडकीपासूनच मोजतो. धातूचा गज माझ्या चकमध्ये आवळायचा, मोटर सुरू करायची आणि गज गरगर फिरू लागला की हत्यार टेकवून त्याला हवा तो आकार द्यायचा, हे माझे काम. कायद्याला विचाराल तर मात्र मी अस्तित्वातच नाही. हे कसे घडले तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतून माझे अंग घडवले, मग घासूनपुसून, रंग देऊन मला या सरकारी तंत्र महाविद्यालयात धाडले. तेव्हाचा माझा रुबाब काय वर्णावा! पाहुणे आले की प्राचार्य त्यांना आधी माझ्यापाशी आणत. पुढे अकरा नवे लेथ आले, पोपटी रंगाचे आणि जरा आगाऊ. मग माझ्यावर विद्यार्थी दप्तरे ठेवू लागले. एकाने तर ओली छत्री वाळत घातली होती, ते मी अजून विसरलेलो नाही.

मला टाकले नाही ते फक्त मास्तरांनी. मास्तर म्हणजे वर्कशॉपचे शिक्षक. एकोणतीस वर्षे ते आणि मी एकाच कोपऱ्यात आहोत. माझा पाटा, म्हणजे ज्यावरून हत्यार सरकते ती खालची पट्टी, एका जागी झिजला आहे, त्यामुळे तिथे गज किंचित जाड राहतो. त्या जागी आले की मास्तर हत्यार केसभर पुढे सारतात आणि कुणाला काही बोलत नाहीत. माझी लाज त्यांनी अशी रोज राखली.

एके दिवशी बातमी आली की आपल्या महाविद्यालयाचे विद्यापीठ होणार आणि त्यासाठी सरकार नवा कायदा करणार. प्राचार्य कुलगुरू होणार होते. शिपायाने त्याच दिवसापासून चहा बशीसकट आणायला सुरुवात केली. कायद्याच्या शेवटी एक यादी जोडायची होती. तिच्यात जी माणसे आणि ज्या वस्तू असतील, तेवढ्याच विद्यापीठाकडे जाणार होत्या. ती करण्याचे काम हेडक्लार्ककडे आले. त्यांना सगळे नियमकाका म्हणत, तोंडावरसुद्धा.

नियमकाकांना लेथ आणि ड्रिल यांतला फरक कळत नव्हता आणि तसे कबूल करणे त्यांच्या पदाला शोभत नव्हते. म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली. जितक्या मोटरी तितकी यंत्रे, आणि जितकी डोकी तितकी माणसे. नेमकी मोजणीच्या दिवशी माझी मोटर जळाली होती आणि ती रिक्षात घालून मास्तर दुरुस्तीला गेले होते. नियमकाकांनी माझ्याकडे पाहिले, मोटर शोधली, सापडली नाही, आणि मला टेबल समजून माझ्यावरच कागद ठेवून यादी पूर्ण केली.

तशीच यादी विधानसभेत मंजूर झाली. लेथ अकरा. वर्कशॉप शिक्षक, एकही नाही.

मास्तरांना कळले तेव्हा ते नियमकाकांकडे गेले आणि दोघे बोलत बोलत माझ्यापाशी आले.

"आता यादीत नाव घालायचं तर कायदाच दुरुस्त करावा लागेल," नियमकाका म्हणाले. "विधानसभा बसेल तेव्हा बघू."

"आणि तोवर मी काय करू?"

"तोवर तुम्ही नाही आहात. मनाला लावून घेऊ नका, हा लेथही नाही आहे."

तरी मास्तर रोज आठला येत. हजेरीपटावर नाव नाही, त्यामुळे उशीर झाला म्हणून कुणी रागावू शकत नव्हते आणि रजा मागायची सोय नव्हती. माझ्यावर कापड फिरवता फिरवता ते पुटपुटत, "घरी ही विचारते, अहो, तुम्ही नक्की जाता तरी कुठं? काय सांगू तिला?" हसून म्हणत, पण त्यांचा आवाज कोरडा असे. निवृत्तीला दोनच वर्षे उरली असताना त्यांची नोकरी अशी हवेत लोंबकळत होती. मला फार वाईट वाटे, आणि जळलेल्या मोटरीची लाजही वाटे.

तिकडे उद्घाटनाची तारीख ठरली. समारंभात कुलगुरूंच्या पुढे एक पितळी मानदंड धरून चालायचे असते, असे कायद्यातच लिहिले होते. कुलगुरूंनी स्वतः चित्र काढून बाहेरच्या कारागिराला पाठवले. लांबी लिहिली १२०. त्यांच्या मनात होते सेंटिमीटर. कारागीर पडला आपल्याच धंद्यातला, त्याने धंद्याच्या रिवाजाप्रमाणे मिलिमीटर धरले. समारंभाला दोन दिवस उरले असताना पेटी उघडली, तर आत बाळाच्या खुळखुळ्याएवढा मानदंड. काम मात्र सुबक होते.

कुलगुरू धावत वर्कशॉपमध्ये आले. पण यादीतल्या सगळ्या वस्तूंचे हस्तांतर व्हायचे होते. ते होईपर्यंत कुणी त्यांना हात लावू नये म्हणून नियमकाकांनी अकराही लेथना कागदी पट्ट्या चिकटवून लाखेची मोहर मारली होती. पोपटी मंडळी मोहरबंद बसून होती. मोहर नसलेला मी एकटाच, आणि माझी मोटरही एव्हाना दुरुस्त होऊन परत बसली होती.

"मास्तर, दोन दिवसांत होईल?" कुलगुरूंनी विचारले.

"होईल साहेब. पण करणार कोण? मी तर नाही आहे."

कुलगुरूंनी नियमकाकांकडे पाहिले. नियमकाका छताकडे बघत म्हणाले, "जो नाही आहे त्याला मनाई करणारा नियम माझ्या पाहण्यात नाही."

माझ्या पायाशी एक पितळी गज वर्षानुवर्षे पडून होता. अर्थात तोही यादीत नव्हता. एवढा लांब दंड माझ्यावर एकसंध मावत नव्हता, म्हणून मास्तरांनी त्याचे तीन तुकडे केले, जोडण्यासाठी आटे पाडले, एकेक तुकडा माझ्यावर चढवला. दोन दिवस मी फिरत होतो आणि मास्तर जेवायचेही विसरत होते. माझ्या झिजल्या जागी आले की हत्यार केसभर पुढे. तीन तुकडे जोडल्यावर सांधा बोटालाही लागेना. समारंभात तो दंड असा झळकला की पाहुण्यांनी कारागिराचा पत्ता मागितला. मास्तर मागच्या ओळीत उभे होते, कारण त्यांच्या नावाची खुर्ची नव्हती.

दुसऱ्या दिवशी कुलगुरूंनी नियमकाकांना बसवून कायदा पहिल्यापासून वाचायला लावला. त्यात दोन वाटा सापडल्या. विद्यापीठ भेटवस्तू स्वीकारू शकत होते आणि नवीन माणूस नेमू शकत होते. मी भेट म्हणून दाखल झालो. दात्याच्या रकान्यात नियमकाकांनी विचारपूर्वक लिहिले, "नाव गुप्त ठेवण्याची इच्छा." मास्तरांसाठी ते अर्ज घेऊन आले. मास्तरांनी तो माझ्यावरच ठेवून भरायला घेतला आणि एका रकान्यापाशी थांबले. पूर्वीचा अनुभव, वर्षे. सोबत दाखला जोडावा.

"दाखला कुणाचा आणू?"

"जुन्या कॉलेजचा," नियमकाका हळूच म्हणाले. "पण ते तर आता राहिलं नाही. दाखला नसला तर आकडा धरता येत नाही, मास्तर. मी खूप शोधलं. खरंच शोधलं."

मास्तरांनी बोटाचे तेल पुसले आणि वळणदार अक्षरात लिहिले, शून्य. खाली सही केली. नेमणूक झाली, दोन वर्षे प्रोबेशनवर. म्हणजे ज्या दिवशी ते कायम होतील त्याच दिवशी निवृत्तही होतील. नियमकाकांनी कागद उचलला तेव्हा ते मास्तरांकडे बघू शकले नाहीत.

विद्यापीठाचा पहिला वर्ग आला. मास्तर त्यांच्यापुढे उभे राहून म्हणाले, "मी इथं नवीनच लागलोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या." मुले हसली. एक मुलगी काम शिकायला माझ्यापाशी आली आणि तिने माझ्या चाकाची मूठ धरली. मग हात काढून मुठीकडे बघत राहिली. पोलादी मूठ, पण तिच्यात एका तळव्याचा खोलगट आकार झिजून उमटला आहे. तिने मास्तरांच्या हाताकडे पाहिले.

"सर, तुम्ही इथं किती वर्षं आहात?"

"परवाच लागलो, पोरी," मास्तर म्हणाले. "चल, तेल घाल आधी."

मित्रांनो, यंत्रांना तेल द्या, हे तर मी सांगणारच, तो आमचा हक्क आहे. पण तुमच्या शाळेत, कॉलेजात असा एखादा माणूस असेल तर त्या मुलीचा प्रश्न त्यालाही विचारा. आणि त्याने आकडा चुकीचा सांगितला, तरी तुम्ही खरा लक्षात ठेवा.