ताईसाठी कुठली अळंबी

बियाणेवाल्याने साधा प्रश्न विचारला होता. "अळंबी खायला लावायची आहे की औषधाला?"

"औषधाला," भिंगरी म्हणाली, आणि एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकला. लहानपणापासून पायाला भिंगरी, म्हणून घरात तेच नाव पडलं, आणि पंचेचाळिशी आली तरी ते सुटलं नव्हतं. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून तिची बावीस वर्षं गेली होती. उभं राहून कसली, येरझाऱ्या घालून.

बियाणेवाल्याने दोन पुडे काढले. एकात रेशीचं बी. लाकडासारखी टणक, कडूजहर. वाळवून उकळायची आणि पाणी प्यायचं. "पण चार-सहा महिने धीर धरावा लागेल, बरं का. पिशवी सारखी उघडायची नाही." दुसऱ्यात धिंगरी. "ही नुसती खायची. महिन्याभरात येते. हात बसायला हिच्यापासून सुरुवात करा."

भिंगरीने रेशी पसंत केली. धिंगरी घेतली ती केवळ त्याचं मन मोडू नये म्हणून. आणि चार-सहा महिने थांबायला वेळ कुणाला आहे, म्हणून वाळलेल्या रेशीचं एक पाकीटही घेतलं.

वेळ खरंच नव्हता. तिची थोरली बहीण ऑपरेशननंतर तिच्याकडे राहायला आली होती. ऑपरेशन नीट झालं, मग पायात रक्ताची गुठळी निघाली, मग गोळ्यांवर गोळ्या, आणि या सगळ्यात ताईच्या जिभेवरची चव गेली. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तीस वर्षं चारशे माणसांना जेवू घातलेली बाई, आता दोन घासांत ताट सारायची. म्हणायची, "सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं गं." डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, आणखी दोन किलो उतरले तर पुन्हा भरती आणि नाकातून नळी. भिंगरी रोज सकाळी ताईला वजनकाट्यावर उभं करायची आणि आकडा दोन-दोनदा बघायची.

तिने लाकडाचा भुसा प्रेशर कुकरमध्ये वाफवला, निववला, रेशीचं बी मिसळून पिशवी बांधली आणि कपाटावर ठेवली. धिंगरीचं बी गरम पाण्यातून काढलेल्या गव्हाच्या काडात उरकल्यासारखं घातलं आणि ती पिशवी ताईच्या खोलीत पडद्याआड टांगून दिली. मग सुरू झालं बघणं. कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी कपाटापाशी. पांढरे धागे धरले का? किती धरले? गाठ सोड, वास घे, बोट लाव, गाठ बांध. नवव्या दिवशी पिशवीत हिरवा डाग दिसला. बुरशी. नवी पिशवी भरली, तीही आठवड्यात हिरवी झाली.

"दर मिनिटाला झाकण काढलं तर शिजेल का काही?" ताई अंथरुणातून म्हणाली. "मलाही तू अशीच तासातासाला उघडून बघतेस."

भिंगरीला हे झोंबलं, पण उत्तर द्यायला ती थांबली कुठे! वजनकाटा दीड किलोने खाली आला होता. दुसऱ्या दिवसापासून तिने पाकिटातली वाळकी रेशी उकळायला घेतली. सकाळी काळा काढा ताईच्या हातात द्यायचा, चप्पल घालता घालता "प्यालीस?" विचारायचं, आतून "प्याले" आलं की जिना उतरायचा.

चौथ्या दिवशी दुपारी दुकानात एक बाई आल्या. "अळंबीची पावडर मिळते का हो? सासऱ्यांना द्यायचीय. ताकद येते म्हणतात."

भिंगरी फळीवर खोके लावत होती. न बघताच तिने विचारलं, "दुसरी काही औषधं चालू आहेत त्यांना?"

"रक्त पातळ व्हायची गोळी आहे."

"मग नको. त्या गोळीबरोबर असलं काही परस्पर देऊ नका, रक्त वाहायला लागलं तर थांबायचं नाही. आधी डॉक्टरांना विचारा."

बोलून झालं आणि तिचा हात फळीवरच राहिला. ताईची गोळी हीच. याच फळीवरून तिने स्वतः नेलेली. बावीस वर्षं परक्या माणसांना रोज विचारलेला प्रश्न घरी विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. घरी ती औषधवाली नव्हतीच, घाबरलेली धाकटी बहीण होती. तिने फोन लावला. ताई उचलेना. पुन्हा लावला. मालकांना "घरी जाते" एवढंच म्हणून ती एप्रनसकट रस्त्यावर आली. सिग्नलला थांबवेना, लिफ्टची वाट बघवेना. चार जिने चढताना सबंध वेळ तिला ताई न्हाणीघरात पडलेली दिसत होती.

दार उघडलं तर लसूण परतल्याचा वास. ताई ओट्याला एका हाताने धरून गॅससमोर उभी होती.

"ताई, हात दाखव! कुठे निळं पडलंय? हिरड्यांतून रक्त? काढा, तो काढा मी तुला—"

"तो होय," ताई म्हणाली. "तो बेसिनला पाजला. चारही दिवस."

भिंगरीचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी अंगाचा तिळपापड झाला. ती भिंतीला टेकून रडायला लागली. "खोटं बोललीस माझ्याशी!"

"आणि तू कधी विचारलंस मला, 'ताई, तुला काय हवंय' म्हणून?" ताईने गॅस बंद केला. "पडद्यामागे बघ जा. धिंगरीचे गुच्छच्या गुच्छ आलेत. आठवडाभर मीच पाणी मारतेय. कडा वर वळायला लागल्या होत्या, उद्यापर्यंत चिवट झाल्या असत्या. म्हणून आजच काढल्या."

तिने ताटली टेबलावर ठेवली. लोणी, लसूण, मिरी आणि कडेने तांबूस झालेली धिंगरी. "मला काही चव कळायची नाही. तू खा आणि सांग. उभ्याने नाही, बसून."

भिंगरी बसली. घाईने एक घास गिळला. "चांगली आहे."

"चांगली तर तुझी गोळीही असते. नीट सांग."

भिंगरीने दुसरा घास चावला. किती दिवसांत तिने काही चावून खाल्लं नव्हतं. "कडेला कुरकुरीत आहे. आत मऊ. चावताना जरा दाताखाली येते... मग लोणी येतं. मिरी मागून." तिने वर पाहिलं. ताईने एक तुकडा उचलला होता आणि चावत होती.

"पुढे?"

"लसूण जास्त नाहीये. थोडासा अक्रोडासारखा वास आहे." ताईने दुसरा तुकडा घेतला. भिंगरी थांबली की ताईचा चमचा थांबायचा, म्हणून भिंगरी थांबेना. दुकानातून आलेला फोन खिशात वाजून वाजून बंद झाला. ताटली निम्मी झाली, आणि तिचे शब्द संपत आले. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "मीठ मात्र कमी पडलंय."

"काही कमी नाही," ताई चटकन म्हणाली, आणि घास तोंडात तसाच ठेवून थांबली.

भिंगरी जागची हलली नाही.

ताईने आणखी एक तुकडा घेतला आणि डोळे मिटून हळूहळू चावला.

"मीठ आहे की गं," ती म्हणाली.