नामेलेचं पान

एरोमांगो बेटावर जंगलखातं म्हणजे एकटा रेमन नेताई. खात्याची होडी वर्षभर दुरुस्तीत होती आणि राजधानीत फोन लावला की "पत्र निघतंय" एवढंच ऐकू यायचं. इकडे व्यापाऱ्याचं जहाज शुक्रवारी चंदन उचलायला येणार होतं, आणि वरच्या राईतली झाडं अजून मनगटाएवढीसुद्धा जाड नव्हती. तोडबंदीचा कागद त्याने तीनदा डकवला. तिन्ही वेळा लोकांनी त्याच्यात तंबाखू गुंडाळून ओढली.

शेवटी सोमवारी त्याने राईच्या वाटेवर नामेले झाडाची दोन पानं आडवी बांधली. ही पानं म्हणजे मनाईची खूण; ती दिसली की कुणीच वाट ओलांडत नाही, कुऱ्हाडवालासुद्धा मुकाट्याने मागे फिरतो. पण ती बांधण्याचा मान मुखियाचा, म्हणजे रेमनच्या उसाईमामाचा. आणि मामा मयताला शेजारच्या तान्ना बेटावर गेलेला, शुक्रवारी परतणार होता. जाताना त्यानेच बांधली असणार, असं गावाने धरलं.

मंगळवारी आई घरीच बसलेली रेमनला दिसली. आईचा कोनफळांचा मळा त्याच वाटेवर पुढे होता.

"आई, मळ्यात नाही गेलीस?"

"डोळे फुटले का तुझे? पान बांधलंय ना मामाने."

"पण कुंपण मोडलंय म्हणालीस. रानडुकरं शिरतील."

"शिरू देत. पान ते पान."

खरं सांगून टाकावं असं शंभरदा ओठांवर आलं. पण आईला कळलं की गावाला कळणार, आणि मग राई गेलीच. तो जेवता जेवता उठून किनाऱ्यावर जायचा, परत यायचा, आईच्या रिकाम्या टोपलीकडे बघायचा. नुसती तगमग चालली होती.

शुक्रवारी जहाज आलं आणि रिकामंच गेलं. त्याच दिवशी मामाही परतला. त्याने सगळ्यांना वडाखाली बोलावलं.

"कोणाचा हात शिवशिवला रे?"

"माझा, मामा." रेमन उभा राहिला.

"सरकार झालास म्हणून मुखियाही झालास होय? दंडाचं डुक्कर आण. राईचं पान मी बांधतो, बहिणीची वाट मोकळी सोडून."

आई तेवढ्यात मळ्यात जाऊन आली. टोपलीत अर्धवट कुरतडलेलं एकच कोनफळ होतं. वर्षाचं पीक डुकरांनी उकरून खाल्लं होतं. रेमनला रडू फुटलं.

"आई, चुकलो गं."

"तुझा तो सरकारी कागदच लावून थांबला असतास," आई म्हणाली, "तर मी खुशाल ओलांडून गेले असते रे."