लांब मानेचं सोंग

आईबाप नाव ठेवतात आणि गाव ते मोडून दुसरं ठेवतं. हरिबाचं असंच झालं होतं. मागल्या जत्रेत खालच्या आळीची सोंगाची गाडी त्यानं सजवली. गाडीवर हत्ती उभा केला, पण ओझं सगळं मागं पडलं आणि ऐन देवळापुढं गाडी उलाळ झाली. जू वर, हत्ती खाली, हत्तीवरचा राजा शेणात. वरच्या आळीचा कोंडीबा तिथंच ओरडला, "आरं, उलाळ हरिबा!" झालं! गिरणीत, सोसायटीत, न्हाव्याच्या दारात तेच नाव. ते एकवेळ त्यानं सोसलं असतं. पण नात शाळेतून रडत आली, पोरी तिला 'उलाळ्याची' म्हणत होत्या, तेव्हा त्याच्या काळजाला घरं पडली. यंदा, अठ्ठ्याहत्तरच्या जत्रेत, सगळ्यांत सरस सोंगाला पंच देतात तो मानाचा नारळ मिळवायचा आणि ते नाव पुसायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

त्याचा जिवलग रसूल पिंजारी. गाद्या भराव्यात तर रसूलनंच. त्याची लेक नूरजहां सांगलीच्या कॉलेजात शिकून उंब्रजला विज्ञान शिकवत होती. तिनं एक जाडजूड पुस्तक आणून हरिबापुढं उघडलं.

"तात्या, असलं सोंग कुणी काढलं नसंल. डायनासोर. पाच-सहा गाड्या एकापुढं एक लावाव्यात एवढा लांब."

"खातंय काय?"

"पाला."

"एवढं धूड आन् निसता पाला? माळकरी दिसतंय की!"

"आवं, कोट्यवधी वर्षांमागचं जनावर हाय हे. याच्या जातीची हाडं गोदावरीच्या खोऱ्यातबी सापडलीत."

मान एवढी लांब, तर ती पडत कशी नाही, हीच हरिबाला धास्ती. नूरजहांनं समजावलं. डोकं एवढंसं. मानेची हाडं आतून पोकळ, बांबूसारखी. आणि मागं लांबलचक शेपूट. मागच्या पायांवर दोन्हीकडचा तोल सावरलेला.

हरिबाचा चेहरा खुलला. "म्हंजे उलाळबी न्हाई आन् पुढं दाबबी न्हाई! गाडी भरायला शिकलेलं जनावर हाय हे!"

मग कामाला ऊत आला. एकच लांब कळकाचा बांबू घेतला, पुढं मान, मागं शेपूट, आणि गाडीच्या मध्यावर रोवलेल्या लाकडाच्या दुबेळक्यात, बेचक्यात, तराजूच्या दांडीसारखा टेकवला. डोक्याला कोंबड्या झाकायचं डालगं. अंगाला रसूलच्या जुन्या गाद्यांची कापडं, राखाडी रंगवलेली. वाद झाला तो एकाच गोष्टीवर. हरिबाला जनावर रवंथ करणारं हवं होतं.

"तात्या, ते चावतच नव्हतं. खुंट्यांसारखे दात. पाला ओरबाडायचा आन् गिळायचा. प्वाट म्हंजे मोठा रांजण, त्यात दिवसचे दिवस पाला आंबायचा."

"पाला खाणारं आन् रवंथ करत न्हाई? पोरी, माझा जल्म बैलांत गेला."

"मग घोडा करतो व्हय रवंथ?"

पण ऐकेल तो हरिबा कसला! तिच्या माघारी त्यानं जबड्याला दोरी बांधली आणि ती पोटात बसणाऱ्या रसूलच्या हाती दिली. शेपूटही पुस्तकाबाहेरचंच भरलं. तोलाला वजन हवं होतं, म्हणून उसाच्या शेंड्यांचं हिरवंगार वाडं दाबून दाबून कोंबलं. फुकटचं आणि वजनदार. त्यात काय चुकतंय हे बैलांत जन्म घालवलेल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही.

जत्रेच्या दुपारी गाड्या निघाल्या. लांब मानेचं जनावर घरांच्या माळवदांवर डोकावत निघालं, तशी बायकापोरं ओरडत सुटली. त्याच्या पाठोपाठ कोंडीबाचा दहा तोंडांचा रावण. देवळाच्या बोळात गाड्या तटल्या. सकाळपासून उपाशी जुंपलेल्या कोंडीबाच्या बैलांच्या नाकाशी ताज्या वाड्याचा वास आला. दोघांनी कापड फाडलं आणि जेवायला बसल्यासारखे चरायला लागले; गाड्या हलल्या तरी त्यांनी शेपूट सोडलं नाही.

देवळापुढं हरिबानं कासरा ओढला. आणि काय नवल, ती उंच मान सावकाश खाली यायला लागली. बैलांच्या डोक्यांवरून पुढं, खाली, अगदी पायरीपर्यंत. हरिबाला वाटलं, पुन्हा तेच! तेवढ्यात डोकं अलगद पायरीला टेकलं आणि पोटातल्या रसूलनं दोरी ओढून जबडा हलवला. सगळ्या जत्रेला वाटलं, जनावर देवाच्या पाया पडून काहीतरी पुटपुटतंय. एकच गजर उठला. म्हाताऱ्यांनी हात जोडले. पंचांनी नारळ हरिबाच्या हाती ठेवला.

"कशी रं वाकवलीस मान?" पंचांनी विचारलं.

नूरजहां कानाशी आली. "तात्या, शेपूट गेलं. मागं बगा."

हरिबानं मागं पाहिलं. अख्खं शेपूट कोंडीबाच्या बैलांच्या पोटात गेलं होतं. कोंडीबा कासरे ओढून ओढून घामाघूम झाला होता. त्यानं हरिबाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. हरिबाच्या जिभेवर नाव तयार होतं, शेपूटखाऊ कोंडीबा. एकदा ओरडायचा अवकाश, जन्मभर चिकटलं असतं. कोंडीबाचीही नातवंडं त्याच शाळेत जात होती.

"कशी म्हंजे?" हरिबा म्हणाला. "जनावर भाविक हाय. माझ्या हातात काय हाय?"

जत्रा हसली. गर्दी पांगल्यावर कोंडीबा जवळ आला. पटक्याचं टोक चाळवू लागला.

"हरिबा," तो म्हणाला, "घे, फोड की नारळ."

रसूल सोडला तर वर्षभरात गावातल्या माणसानं पहिल्यांदा त्याला नुसतं हरिबा म्हटलं होतं.  त्यानं नारळ कोंडीबाच्याच हातात दिला आणि बैलांच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "फोड तूच. आन् ह्यास्नी पाणी दाव आदी. रवंथ करत्यात बिचारी."